पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत. बटण दाबले की संगणकात वीज येते, पंखे फिरू लागतात, दिवे लागतात. पण पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून या अंकातील सदर या एकाच विषयासाठी राखून ठेवले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त करून छापले आहेत.

प्रश्न : माझा डेस्कटॉप बरीच वर्षे वापरात आहे आणि कालपर्यंत तो व्यवस्थित चालत होता. आज बटण दाबल्यावर कॅबिनेटमधील सगळे पंखे फिरतात, समोरचा दिवाही लागतो. मॉनिटर मात्र काळाच राहतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी फोनवर ऐकूनच ‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल’ असे सांगितले. त्यांचे म्हणणे मान्य करावे का?

उत्तर : संगणक उघडूनही न पाहता दिलेला हा निर्णय मान्य करू नका. मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड, निकामी होतच नाही असे नाही. परंतु डिस्प्ले न येण्याच्या कारणांमध्ये त्याचा क्रम बराच खाली लागतो, आणि बाकीच्या शक्यता एकेक करून तपासून संपल्यावरच त्याच्यावर ठपका ठेवायचा असतो.

पंखे फिरताहेत म्हणजे संगणक चालू झाला, असा समज सर्वत्र आहे आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पंख्याला लागणारे १२ व्होल्ट एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, येतात आणि ते मिळाले की पंखा फिरतो. त्यासाठी प्रोसेसरने एकही सूचना पार पाडलेली असण्याची गरज नसते. पंख्यावरून इतकेच सिद्ध होते की एसएमपीएसचा तेवढा भाग जिवंत आहे.

पडद्यावर पहिले अक्षर उमटण्यापूर्वी संगणकाला काही टप्पे ओलांडावे लागतात. प्रथम एसएमपीएस आपले विजेचे सर्व दाब (व्होल्टेज) स्थिर झाल्याची खूण मदरबोर्डला देतो. ती मिळाल्यावर प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा प्रोग्राम, वाचू लागतो. बायोस रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) तपासतो, चित्र तयार करणारी ग्राफिक्सची व्यवस्था शोधून ती सुरू करतो आणि त्यानंतरच चित्र तयार होते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीपासून ही स्वयंतपासणी चालत आली असून तिला ‘पोस्ट’ म्हणतात. त्यामुळे काळ्या पडद्यासमोर बसून ‘कोणता भाग बदलू?’ असे विचारण्याऐवजी ‘संगणक या वाटेवर कुठपर्यंत पोहोचला?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बदलण्याचा भाग, बदलण्याची खरोखर गरज असलीच तर, आपोआप समोर येतो.

पहिली परीक्षा कीबोर्डवरच होते. बटण दाबून मिनिट-दोन मिनिटे थांबा आणि मग कॅप्स लॉक किंवा नम लॉकची कळ दोन-चार वेळा दाबा. कळीबरोबर तिचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आत व्यवस्थित सुरू झालेला आहे. चित्र तयार होते आहे, फक्त ते तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी कॅबिनेट उघडण्याचे कारणच नाही. दोष मॉनिटरमध्ये, केबलमध्ये किंवा मॉनिटरवर निवडलेल्या इनपुटमध्ये शोधावा. मॉनिटरचे स्वतःचे मेनू बटण दाबून पाहा. मेनू स्वच्छ दिसला तर पडदा आणि त्यामागचा प्रकाश दोन्ही ठीक आहेत. मग त्याच मेनूत जाऊन, केबल एचडीएमआयला लावली असताना मॉनिटर व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्टवर सिग्नलची वाट पाहत तर नाही ना, हे तपासा. त्यानंतर केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा नीट बसवा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या चांगल्या केबलने व दुसऱ्या मॉनिटरवर खात्री करून घ्या. डिस्प्लेपोर्टच्या केबलबाबत एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. काही निकृष्ट केबलांमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. प्रमाणित केबलमध्ये ती जोडायची नसते, कारण तिच्यातून मॉनिटरकडील ३.३ व्होल्ट उलटे संगणकात शिरतात आणि त्यामुळे संगणक सुरू होतानाच अडखळू शकतो. केबल काढल्यावर संगणक सुरू होतो आणि लावल्यावर अडतो, असे दिसले तर संशय केबलवरच घ्यावा.

कीबोर्डचा दिवा कळीला दाद देत नसेल, तर मात्र पोस्ट पूर्ण झालेली नाही असे धरून चाला. संगणक बंद करून वीजेची मुख्य वायर काढा, सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जाईल, आणि कॅबिनेट उघडल्यावर आतील कोणत्याही भागाला स्पर्श करण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला तेवढी पुरते.

वापरातल्या संगणकात माझा पहिला संशय नेहमी रॅमवर असतो. स्लॉटच्या टोकाचा खटका बाहेर ढकलून रॅमची पट्टी सरळ वर ओढा आणि तिची सोनेरी कड उजेडात धरून पाहा. नव्या पट्टीवर सगळे संपर्क एकसारखे चकचकीत असतात. जुन्या पट्टीवर त्यांच्यावर धुरकट, तपकिरी थर दिसतो, काही ठिकाणी बोटांचे ठसेही दिसतात. बरेच जण ही कड खोडरबराने घासतात. हलक्या हाताने केले तर त्याने काम होते, पण खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवी अडचण उभी राहते. शिवाय जोरात घासल्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. तंतू न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब घेऊन पुसणे मला अधिक योग्य वाटते. स्लॉटमधील धूळ मऊ ब्रशने काढा. पट्टीवरील खाच आणि स्लॉटमधील उंचवटा जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. खटका आपोआप बंद होऊन ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एकाहून अधिक पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून, आणि तीही वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहा.

एवढ्यानेही फरक पडला नाही, तर मदरबोर्डला स्वतःबद्दल बोलायला लावता येते. सगळ्या रॅम काढून संगणक सुरू करा. रॅम नाही अशी तक्रार बोर्डने केली, म्हणजे बीप वाजली किंवा बोर्डवरील ‘डीरॅम’ नावाचा छोटा दिवा लागला, तर प्रोसेसर आणि बोर्ड निदान तेवढे काम करण्याइतके जिवंत आहेत. फोनवर ‘बोर्ड गेला’ असे सांगणाऱ्यांना हा एक प्रयोग उत्तर देऊन जातो. अलीकडील अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात आणि तपासणी जिथे अडकते तिथला दिवा लागून राहतो. जुन्या बोर्डांत हीच माहिती बीपच्या आवाजांतून मिळते. परंतु त्या आवाजांचे अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतात. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेचा दोष. तोच अर्थ दुसऱ्या कंपनीच्या बायोसला लावता येणार नाही. आपल्या बोर्डची पुस्तिका पाहूनच अर्थ लावावा. आवाज मुळीच येत नसेल, तर बोर्डला तो छोटा स्पीकर जोडलेला आहे का, हेही पाहा. हल्ली तो पुष्कळदा नसतोच.

राहिली वीजपुरवठ्याची जोडणी. मदरबोर्डला २४ पिनांचा मोठा कनेक्टर लागतो आणि प्रोसेसरसाठी वेगळा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर लागतो. हा दुसरा निसटलेला असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही, म्हणजे हुबेहूब तुम्ही वर्णन केलेली स्थिती. तो काढून पुन्हा बसवा. यानंतर दुसरा, खात्रीचा एसएमपीएस लावून पाहायचा आणि त्यानेही काही झाले नाही तरच बोर्डकडे वळायचे.

प्रश्न : मी सगळे भाग आणून नवा संगणक स्वतः जोडला आहे. रॅम डीडीआर५ प्रकारची आहे. सुरू केल्यावर पडदा काळा असतो, म्हणून मी थोड्या वेळाने बंद करून पुन्हा सुरू करतो, तरीही तसेच. कोणता भाग सदोष निघाला असेल?

उत्तर : कदाचित एकही नाही. डीडीआर५ रॅम प्रथमच लावल्यावर प्रत्येक जोडणीतील सिग्नलची वेळ बारकाईने जुळवून घेण्याचे काम बायोस करतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त क्षमतेची असेल तर त्याला कित्येक मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीही दिसत नाही. काही वेळा संगणक मध्येच स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तुम्ही दर वेळी मध्येच वीज तोडत आहात, त्यामुळे ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असणार. पंधरा-वीस मिनिटे हात न लावता थांबा.

तरीही डिस्प्ले आला नाही तर दोन पट्ट्या कोणत्या स्लॉटमध्ये लावल्या आहेत ते पाहा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या लावायच्या असतात. एकच पट्टी असेल तर ती दुसऱ्यात. त्यानंतर प्रोसेसर आणि बोर्ड यांचा मेळ तपासा. सॉकेट एकच असले तरी बोर्डमधील बायोस त्या प्रोसेसरच्या आधीच्या काळातील असेल, तर बोर्ड त्याला ओळखत नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते याची यादी असते. काही बोर्डांना प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करण्याचे बटण असते. तुमच्या बोर्डला ते असेल तर काम सोपे होईल. शेवटी, बोर्डखाली कॅबिनेटमध्ये बसवलेल्या पितळी आधारांपैकी एखादा बोर्डच्या छिद्राखाली न येता भलत्याच जागी राहिला आहे का, तेही पाहा. तो बोर्डच्या मागील बाजूला टेकून शॉर्ट करू शकतो. शंका असेल तर बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि प्रोसेसर, त्याचा पंखा व एक रॅम एवढ्यांवरच सुरू करून पाहा. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा स्वतःचा भाग, नसेल तर ग्राफिक्स कार्डही लावावे लागेल.

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड लावल्यापासून डिस्प्ले येत नाही. कार्ड काढले तरी येत नाही. कार्डाने बोर्ड जाळला का?

उत्तर : घाबरू नका. तुमच्या पत्रात प्रोसेसरचे पूर्ण नाव दिलेले आहे आणि त्याच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर आहे. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या नावात शेवटी ‘एफ’ असतो, त्यांत अंगचे ग्राफिक्स नसते. एएमडीच्या रायझन मालिकेत ७००० च्या आधीच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या नावात ‘जी’ नसतो, त्यांचेही तसेच. म्हणजे नवे कार्ड काढल्यावर चित्र तयार करणारे तुमच्या संगणकात काहीच उरत नाही, आणि मदरबोर्डवरील एचडीएमआयच्या जागेत केबल लावूनही तिच्यातून काही येणार नाही. पूर्वीचे जुने कार्ड तुमच्याकडे असेल तर आधी ते परत लावून डिस्प्ले येतो का ते पाहा. आला, तर बोर्ड शाबूत आहे.

नव्या कार्डाबाबत पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. केबल कार्डाच्याच जागेत लावलेली हवी. कार्डाला ६ किंवा ८ पिनांचा स्वतंत्र वीजपुरवठा लागत असेल तर तो जोडलेला हवा. स्लॉटच्या टोकाचा खटका बसेपर्यंत कार्ड आत गेलेले हवे. मोठे कार्ड वजनाने खाली झुकून मागच्या बाजूने किंचित उचलले जाते, म्हणून कॅबिनेट आडवे ठेवून एकदा सुरू करून पाहा. आणि कार्ड बरेच जुने असेल तर आणखी एक अडचण संभवते. आजचे बोर्ड यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीने सुरू होतात आणि जुन्या कार्डांत त्या पद्धतीचा प्रोग्राम नसतो. अशा कार्डांसाठी बायोसमध्ये जुनी पद्धत चालवून घेणारा सीएसएम नावाचा पर्याय चालू करावा लागतो, आणि काही नव्या बोर्डांत तो पर्यायच राहिलेला नाही.

एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० मालिकेतील कार्ड असलेल्यांसाठी एक माहिती. डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरबरोबर यांतील काही कार्डे विंडोज सुरू होईपर्यंत काळा पडदा दाखवतात, काही वेळा संगणक तिथेच अडकतो. यासाठी कंपनीने २०१८ साली कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे कार्डातच साठवलेली आज्ञावली, सुधारणारा छोटा प्रोग्राम दिलेला आहे. तो चालवण्यासाठी संगणक तात्पुरता एचडीएमआय किंवा डीव्हीआयच्या केबलवर सुरू करावा.

प्रश्न : माझ्या संगणकावर कंपनीचे चिन्ह दिसते, गोल फिरणारे ठिपके दिसतात आणि मग पडदा काळा होतो. कधी कधी माउसचा बाण दिसतो. हा हार्डवेअरचा दोष आहे का? मला विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : कंपनीचे चिन्ह दिसले याचा अर्थ पोस्ट पूर्ण झाली, रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स, केबल आणि मॉनिटर या सर्वांनी आपले काम त्या घडीपर्यंत केले. त्यानंतर काळोख येत असेल तर कारण बहुतेक वेळा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये (विंडोजला ग्राफिक्सशी जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये) किंवा विंडोजच्या मांडणीत असते. विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करू नका. तो शेवटचा उपाय आहे आणि तुमच्या बाबतीत त्याची वेळ येईल असे मला वाटत नाही.

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. छोटा आवाज येतो, पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुष्कळदा चित्र परत येते. काही झाले नाही तर विंडोज आणि पी दाबा, मग पी पुन्हा एकदा दाबून एंटर करा. पूर्वी जोडलेल्या प्रोजेक्टरसाठी किंवा दुसऱ्या मॉनिटरसाठी ‘फक्त दुसरा पडदा’ असा पर्याय निवडलेला राहिला असेल, तर तो यातून बदलतो. एका फेरीत झाले नाही तर पुन्हा करून पाहा.

माउसचा बाण दिसत असताना डेस्कटॉप दिसत नसेल, तर तो मांडणारा प्रोग्राम सुरू झालेला नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यातील नवे काम सुरू करण्याचा पर्याय घ्या आणि ‘एक्सप्लोरर’ हे नाव इंग्रजीत टाइप करून एंटर करा. डेस्कटॉप परत आला, तर नुकताच टाकलेला एखादा प्रोग्राम किंवा अपडेट काढून पाहा.

हेही साधले नाही तर सेफ मोड. विंडोजचे ठिपके फिरू लागताच सुरू करण्याचे बटण दाबून धरून संगणक बंद करा. असे लागोपाठ दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा पडदा समोर आणते. एरवी अशी वीज तोडणे मी कुणालाही सांगणार नाही, पण इथे दुसरी वाट नाही. त्या पडद्यावरून ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्ट करा आणि ४ ची कळ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज आपला साधा ड्रायव्हर वापरते. तिथे चित्र व्यवस्थित टिकले, तर ड्रायव्हरच दोषी आहे असे समजा. डिव्हाइस मॅनेजरमधून तो मागील आवृत्तीवर न्या किंवा काढून कंपनीच्या संकेतस्थळावरील नवा टाका. मॉनिटरला न झेपणारे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट निवडला गेला असेल, तर तोही इथून दुरुस्त होतो. अशा वेळी मॉनिटर बहुधा ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश दाखवतो. तो दिसला होता का, हे आठवून पाहा.

प्रश्न : लॅपटॉप सुरू झाल्याचा आवाज येतो, पण पडदा काळा असतो. खिडकीजवळ बसल्यावर पडद्यावर अगदी पुसटशी चिन्हे दिसल्यासारखी वाटतात. हा भास आहे का?

उत्तर : भास नाही, आणि तुमच्या या निरीक्षणाने अर्धे निदान झाले आहे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पडद्याजवळ तिरपी धरा. चित्र दिसले, तर पडदा चित्र तयार करतो आहे आणि त्यामागचा प्रकाश तेवढा बंद आहे. आधी कीबोर्डवरील प्रकाश वाढवण्याच्या कळा दाबून पाहा, कारण प्रकाश अगदी कमी केला गेला असेल तरी असेच दिसते. मग पडदा हळूहळू उघडमीट करा. एखाद्या विशिष्ट कोनात प्रकाश येत असेल, तर बिजागरातून जाणारी पडद्याची केबल तिथे तुटत चालली आहे; ती केबल स्वतंत्र बदलता येते, पूर्ण पडदा बदलण्याची गरज नसते. बिजागर जोराने हलवून चित्र आणण्याचा प्रयत्न मात्र करू नका, कारण तुटलेल्या तारा एकमेकींना लागून मदरबोर्डवरील फ्यूज उडू शकतो. तसे होऊन फ्यूज आधीच उडालेला असला, तरी प्रकाश असाच बंद होतो आणि कुशल कारागीर तो फ्यूज बदलून देतो.

टॉर्चखाली काहीच दिसत नसेल, तर लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आले तर दोष पडदा व त्याची केबल यांपुरता आहे. तिथेही आले नाही तर चार्जर काढा, बॅटरी काढता येत असेल तर तीही काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जरवर सुरू करा. कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा ठरावीक संख्येने लुकलुकत असेल, तर ती संख्या मोजून लिहून ठेवा. ती लॅपटॉपने दिलेली दोषाची खूण असते आणि कंपनीच्या पुस्तिकेत तिचा अर्थ सापडतो.

एक छोटेसे कारण सहज नजरेतून सुटते. झाकण मिटल्याचे लॅपटॉपला एका चुंबकाद्वारे कळते. चुंबकाची कडी असलेले फोनचे कव्हर किंवा मनगटावरचा चुंबकी पट्टा त्या जागेवर आला, की झाकण मिटले असे समजून लॅपटॉप पडदा बंद करतो. आसपासच्या अशा वस्तू दूर करून पाहा.

प्रश्न : डिस्प्ले येत नसेल तर मदरबोर्डवरील सेल काढून लावा, असे सगळीकडे वाचायला मिळते. त्याने नेमके काय होते? काही नुकसान होऊ शकते का?

उत्तर : तो सेल बहुधा सीआर२०३२ प्रकारचा, ३ व्होल्टचा असतो आणि संगणकाची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवतो, पुष्कळ बोर्डांत बायोसच्या सेटिंग्जही त्याच्याच आधाराने टिकतात. वीज पूर्ण तोडून सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवला की त्या सेटिंग्ज मूळच्या होतात. रॅमचा वेग वाढवणारा एक्सएमपीसारखा पर्याय किंवा ग्राफिक्सचा एखादा चुकीचा पर्याय निवडल्यानंतर डिस्प्ले गेला असेल, तर हा उपाय अचूक लागू पडतो. काहीही न बदलता डिस्प्ले गेला असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नये. बोर्डवर यासाठी जंपरच्या दोन पिना किंवा बटण असेल तर सेल उचकटण्यापेक्षा ते वापरणे बरे.

नुकसान होत नाही, पण दोन परिणाम माहीत असावेत. जुन्या पद्धतीने टाकलेली विंडोज असेल आणि बायोस मूळच्या यूईएफआय सेटिंगवर गेला, तर डिस्प्ले येऊनही विंडोज सुरू होणार नाही; बायोसमध्ये सीएसएम पुन्हा चालू करावे लागेल. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, संरक्षण असेल, तर बायोसमधील बदल ओळखून विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे संरक्षण वापरणाऱ्याच्या नकळत चालू झालेले असते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. सेलला हात लावण्यापूर्वी ती दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून पाहून कागदावर उतरवून घ्या.

प्रश्न : सकाळी पहिल्यांदा सुरू करताना डिस्प्ले येत नाही. तीन-चार वेळा बंद-चालू केल्यावर येतो आणि मग दिवसभर काहीही अडचण येत नाही. थंडीत हे वाढते. दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे वय झालेल्या एसएमपीएसची आहेत. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून वाळत जातात. थंड असताना त्यांची क्षमता आणखी घटते, दाब वेळेत स्थिर होत नाही आणि प्रोसेसरला जागे करणारी खूण नीट पोहोचत नाही. काही प्रयत्नांनंतर ते किंचित गरम होतात आणि काम निभावते. पुढे एक दिवस असा येतो की कितीही वेळा बटण दाबले तरी ते निभावत नाही, आणि बिघडताना एसएमपीएस दुसऱ्या भागांनाही सोबत नेऊ शकतो.

मल्टिमीटर असेल आणि तो वापरता येत असेल, तर संगणक चालू असताना १२ व्होल्टच्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत दाब मिळायला हवा. दाब मर्यादेत असला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. सुरू होतानाच्या क्षणीचा ढासळलेला दाब मल्टिमीटरला टिपता येत नाही. खात्री दुसरा एसएमपीएस लावूनच होते. सोबत मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास उभे असलेले कपॅसिटर पाहा. त्यांची वरची बाजू सपाट हवी. ती फुगलेली असेल किंवा तिथे तपकिरी डाग असेल तर दोष बोर्डवरही आहे.

एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. वीज काढल्यानंतरही त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : डिस्प्ले जाण्यापूर्वी माझ्या प्रबंधाचे सर्व काम त्याच संगणकात होते. दुरुस्तीला दिल्यावर ते पुसले जाईल का?

उत्तर : डिस्प्ले न येण्याच्या बहुतेक दोषांचा डिस्कशी काहीही संबंध नसतो, रॅम, केबल, एसएमपीएस किंवा ग्राफिक्स कार्ड बदलल्याने डिस्कवरचे एक अक्षरही हलत नाही. धोका असतो तो ‘एकदा फॉरमॅट मारून पाहू’ या सल्ल्याचा. पोस्टच पूर्ण होत नसलेल्या संगणकाचा दोष फॉरमॅटने जाऊच शकत नाही, कारण डिस्कवर काय आहे हे वाचण्यापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो.

तुम्हाला प्रबंध लवकर हवा असेल तर दुरुस्तीची वाट पाहू नका. डिस्क काढून घ्या; साटा प्रकारची असेल तर यूएसबी केसमध्ये आणि मदरबोर्डवर आडवी बसणारी एनव्हीएमई प्रकारची असेल तर तिच्यासाठीच्या वेगळ्या केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकाला जोडा. बिटलॉकर चालू असेल तर इथेही तीच ४८ अंकी की लागेल. काही लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते आणि ती अशी काढता येत नाही. तिथे बाहेरचा मॉनिटर जोडून काम मिळवण्याचा प्रयत्न आधी करा. काम हाती आल्यावर त्याच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मगच संगणक दुरुस्तीला द्या. डिस्क काढून उरलेला संगणकच दिला तरी चालते. डिस्प्ले येतो की नाही हे तपासायला कारागिराला तुमच्या डिस्कची गरज पडत नाही.